विहारात शांत, घरात संताप

"सप्रेम जयभीम ताई,

मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाथडीच्या एका गावची. वय ४४. अंगणवाडीत मदतनीस आहे. आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मीच वाचते. बाया म्हणतात, तुझा आवाज ऐकला की मन निवतं. पण घरी सासूबाई दोन वर्षांपासून खाटेवर आहेत. वय ७८. पाय चालत नाहीत, आता ध्यानातही काही राहत नाही. जेवून हात धुतले की पाचव्या मिनिटाला शेजारणीला हाक मारून सांगतात, 'सून जेवू घालत नाही.' गेल्या महिन्यात तर चार बायांसमोर म्हणाल्या, चार दिवसांपासून पोटात अन्न नाही. माझं डोकं फिरलं. त्यांच्या पुढ्यातलं ताट मी ओढलं, तांब्या त्यांच्या मनगटावर लागला. काळंनिळं झालं. त्याच संध्याकाळी विहारात मैत्रीवरचं पान वाचायला आलं. माझा मुलगा दहावीला आहे. तो म्हणाला, 'आई, तू विहारात एक अन् घरात एक.' तेव्हापासून ग्रंथ हातात धरायची लाज वाटते. मालक जिनिंगवर जातात, दीर पुण्याला कंपनीत आहेत, सगळं माझ्यावरच. मी वाचन सोडू का? ध्यान करावं म्हणते तर घरात पाच मिनिटं शांतता नाही. आणि या गोष्टी बुद्धांच्या काळच्या जेतवन विहारातल्या, भिक्खूंच्या. आमच्यासारख्यांच्या घरात त्या कशा बसवायच्या? कधी कधी डोकं फुटून जाईल असं वाटतं."

ताई, जयभीम.

वाचन सोडू नका. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

पण तांब्याचं झाकून मी पुढे जाणार नाही. तुम्ही लिहिलंत, "तांब्या लागला." ताट तुम्ही ओढलंत म्हणून तो लागला. ज्या बाईला स्वतःच्या पायानं उठून बाजूला होता येत नाही, तिला लागला. हे वाक्य तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा "माझ्यामुळे लागला" असं लिहा. तुम्हाला टोचावं म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही ते मनगट पाहिलंत, काळंनिळं झालेलं लपवलं नाहीत, एका अनोळखी बाईला पत्रात कळवलंत. ज्याला काही वाटत नाही तो एवढं करत नाही.

आता तुमचा मुलगा जे बोलला, ते अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्तीतल्या एका घरात घडून गेलेलं आहे. तथागतांनीच, म्हणजे बुद्धांनीच, ती गोष्ट भिक्खूंना सांगितली. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातल्या ककचूपम सुत्तात ती आहे. वेदेहिका नावाची एक घरधनीण होती. गावभर तिचं नाव, की बाई मोठी सौम्य, मोठी शांत. तिच्याकडे काळी नावाची दासी होती, कामाला वाघीण. सगळं वेळेवर, सगळं नीटनेटकं. काळीच्या मनात एकदा आलं, माझ्या मालकिणीच्या पोटात राग नाहीच, की माझं काम चोख आहे म्हणून तो वर येत नाही? बघावंच. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उशिरा उठली. मालकिणीच्या कपाळावर आठी आली. पुढच्या दिवशी आणखी उशिरा उठली, तेव्हा मालकीण तोंडानं बोलली. तिसऱ्या वेळी वेदेहिकेनं दाराचा अडसर उचलला आणि काळीच्या डोक्यात घातला. रक्तानं माखलेलं डोकं घेऊन काळी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, बघा, या शांत बाईंचं काम बघा.

गोष्ट सांगून झाल्यावर तथागत भिक्खूंना म्हणाले, तुमच्यातही असा एखादा असतो. कानावर वाईट शब्द येत नाहीत तोवर तो मोठा सौम्य. वाईट शब्द येऊन आदळतील तेव्हा कळेल.

या गोष्टीवर बोलणारे बहुतेक जण वेदेहिकेवर बोलतात. मला मात्र दरवेळी काळी दिसते. मोलमजुरी करणाऱ्या बाईची मी लेक आहे, म्हणून असेल. डोकं फुटलं ते काळीचं. आपला राग कुणाच्या अंगावर निघतो, ते पाहा. अंगणवाडीत सुपरवायझर बाई बोलल्या तर तिथं ताट ओढलं जात नाही. जिनिंगचा मुकादम बोलला तर मालक ऐकून घेतात. राग थांबवता येतो हे आपल्याला ठाऊक आहे, दिवसातून चार वेळा आपण तो थांबवतोही. खाटेपाशी आल्यावर तो सुटतो, कारण तिथं उलटून काही येणार नसतं. मला वाटतं, तुमची साधना इथूनच सुरू होते. ती डोळे मिटून बसण्याच्या जागेवर नाही, खाटेपाशी आहे. तुम्ही जागा शोधत होता ना, ती ही.

मग विहारातला तो निवांत आवाज खोटा का? नाही. वेदेहिकेची शांतताही खोटी होती असं तथागत म्हणत नाहीत. ती तपासली गेली नव्हती, एवढंच. तुमची तपासली गेली आहे, रोज जाते आहे. पंचशील घेताना आपण काय म्हणतो, त्याकडे एकदा नीट कान द्या. "वेरमणी सिक्खापदं समादियामि." सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ. समादियामि, मी तो घेते. वरून कुणी हुकूम सोडलेला नाही. आपण आपल्या तोंडानं पाठ घेतो आणि दुसऱ्या दिवशी परत घेतो, कारण कालचा कच्चा राहिलेला असतो. ज्याचे पाचही पाठ पक्के झाले त्यानंच वंदना म्हणावी असा नियम असता, तर आपली विहारं ओस पडली असती. मुलाला हेच सांगा. "तू म्हणालास ते खरं आहे. मी अजून शिकते आहे. पुन्हा तसं दिसलं तर मला थांबव." सोळा वर्षांच्या पोराला आईकडून असं ऐकायला मिळणं फार मोठं आहे.

जेतवन लांब आहे असं तुम्हाला वाटतं. सुत्तनिपात उघडा, शेवटचा पारायणवग्ग काढा. तिथं तुमची गंगा आहे. बावरी नावाचे एक वृद्ध ब्राह्मण अस्सक देशात गोदावरीच्या काठी राहत होते. काय खाऊन? "उञ्छेन च फलेन च." फळं आणि उञ्छ. उञ्छ म्हणजे आपल्याकडचा सरवा. कापणी झाल्यावर रानात उरलेली कणसं वेचून आपल्या आया आणायच्या, तोच. या बावरींच्या दारात एक जण आला आणि पाचशे नाणी मागू लागला. ती नव्हती. तेव्हा तो शाप देऊन गेला, सात दिवसांत तुझ्या डोक्याची सात शकलं होतील. म्हाताऱ्यानं धसका घेतला, अन्न सोडलं. शेवटी त्यांनी आपले सोळा शिष्य उत्तरेला बुद्धांकडे पाठवले. त्यांच्या वाटेवरचं पहिलं मोठं गाव पतिट्ठान, आपलं पैठण. तिथून महिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी करत ती माणसं पोचली, आणि बावरींचा प्रश्न विचारला तो हाच. डोकं म्हणजे काय, आणि ते फुटतं कशानं?

तथागत म्हणाले, "अविज्जा मुद्धा ति जानाहि, विज्जा मुद्धाधिपातिनी." अविद्या हे डोकं आहे असं जाण. विद्या ते फोडते.

तुम्ही लिहिलंत, डोकं फुटून जाईल. ताई, फुटू द्या, पण हे डोकं. तुमच्या घरातली अविद्या कोणती? "सासू मला गावात बदनाम करते" ही. तुम्ही त्यांच्या बोलण्याला डाव समजून बसला आहात. जेवल्यावर पाच मिनिटांत जेवण विसरणं हा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि त्या माणसाच्या हातात त्यातलं काहीच नसतं. आत्यांना खरोखर वाटतं की त्या उपाशी आहेत. त्या खोटं बोलत नाहीत.

इथं मी माझ्या आईचं सांगते. ७२ च्या दुष्काळात ती आष्टीकडच्या रानात खडी फोडायला जायची, पुढे पाझर तलावाच्या कामावर. मी आठ वर्षांची. कामावर सुकडी वाटायचे, ती खाऊन आमचे दिवस निघाले. म्हातारपणी ती माझ्याकडे शहरात राहायला आली आणि शेवटची दोन वर्षं तिची आठवण गेली. रोज दुपारी विचारायची, "सुकडी आली का? लायनीत उभी राहा, नाहीतर संपंल." मी आधी समजावलं, माय, ते साल गेलं कवाच. मग चिडले. मग ओरडले, तेही पुष्कळदा. एकदा तिचं लुगडं धुवायला काढलं तर पदराला गाठ होती. सोडली तर आत भाकरीचे चतकोर, चार-पाच दिवसांचे, वाळून पापडासारखे कडक झालेले. मी म्हटलं, हे कामून ठेवलं? तिनं माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "लेकीला. साळंतून यील आता."

ती लेक मीच होते. तिला मी ओळखू येत नव्हते, पण लेक उपाशी आहे हे तिच्या ध्यानात होतं.

तुमच्या सासूबाई आज ७८ च्या, म्हणजे ७२ साली पंचविशीच्या. त्या साली मराठवाड्यात कुणाच्या पोटात किती पडत होतं हे तुम्ही गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. विसरणाऱ्या मनातून आजचं आधी जातं, जुनं मागून जातं. "चार दिवसांपासून पोटात अन्न नाही" हे वाक्य त्या कुठल्या सालातून बोलत होत्या, काय सांगावं? खोटं नसेलही ते.

म्हणून काही साध्या गोष्टी करून पाहा. जेवण झाल्यावर ताट लगेच उचलू नका. खरकटं ताट समोर दिसत राहिलं की मन थोडा वेळ मानतं. पुन्हा मागितलं तर "आत्ताच तर जेवलात" हे वाक्य तोंडातून काढू नका. वाद घातला की त्यांची भूक वाढते आणि तुमचा पारा. भाकरीचा चतकोर दुधात कुस्करून वाटीत झाकून ठेवलेला असू द्या, तो द्या. डॉक्टरांनी साखरेचं किंवा आणखी काही पथ्य सांगितलं असेल तर त्यात बसेल ते द्या. शेजारणींना एकदा घरी बोलावून, आत्यांच्या माघारी, आजार समजावून सांगा. तुमची बदनामी होतच असेल तर ती तिथंच थांबेल. आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, लघवीतला जंतुसंसर्ग, यांनीही म्हाताऱ्या माणसाचं डोकं भरकटतं, आणि त्याला औषध आहे. तुमच्या स्वतःच्या जिवासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही उचलतात. तो फोन करणं म्हणजे धम्मात कमी पडणं, असं कृपा करून समजू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या शेवटच्या खंडात तथागतांच्या माणुसकीबद्दल लिहिताना आजाऱ्यांविषयीच्या त्यांच्या कळवळ्याचा भाग घातला आहे. वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे हे तीन महिने, संपता संपता तुम्ही तिथं पोचाल. मूळ प्रसंग विनयपिटकाच्या महावग्गात येतो. एका भिक्खूला हगवण लागली होती. आपल्याच मलमूत्रात तो पडून होता, आणि कुणी जवळ जात नव्हतं. तथागत आनंदाला घेऊन विहारातून फिरत असताना त्यांना तो दिसला. त्यांनी विचारलं, तुझं करणारं कुणी नाही? तो म्हणाला, नाही. का नाही? तर, मी कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून. मग आनंदानं पाणी आणलं. तथागतांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं. मग तथागतांनी डोक्याकडून धरलं, आनंदानं पायाकडून, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवलं. त्यानंतर भिक्खूसंघाला बोलावून ते म्हणाले, तुम्हाला आता आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? "यो मं उपट्ठहेय्य सो गिलानं उपट्ठहेय्य." ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची करावी.

हे शेवटचं वाक्य आपण फार वेळा ऐकतो, आणि ते बहुधा सुनेला ऐकवलं जातं. पण त्याच्या आधीचं कुणी बघत नाही. दोघे होते, ताई. डोक्याकडून एक, पायाकडून एक. खुद्द तथागतांनीही ते काम एकट्यानं केलं नाही. आणि काम झाल्यावर त्यांनी अख्ख्या संघाला गोळा करून विचारलं, तुम्ही कुठं होता? तुमच्या घरात पायाकडची बाजू कोण धरतं? जिनिंगवरून आलेला माणूस थकलेला असतो, मान्य. अंगणवाडीतून आलेली बाईही थकलेली असते. त्यांची आई आहे ती. रात्री कूस बदलून देणं आणि सकाळचं अंग पुसणं यातलं एक काम त्यांनी घ्यावं. लेकानंही एखादं घ्यावं, दहावी असली तरी. आणि पुण्याच्या दिरांना सरळ फोन करा. महिन्याला अमुक पैसे, किंवा दिवाळीत आठ दिवस आईजवळ, दोनातलं एक सांगा म्हणावं. हे मागताना लाजू नका, याला भांडण म्हणत नाहीत.

त्याच प्रसंगात पुढं तथागतांनी आणखी एक फार खरं सांगितलं. काही आजारी माणसांची सेवा करणं अवघड असतं, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, काय होतंय ते नीट सांगत नाही, दुखणं सोसवत नाही, असा रोगी कठीण, असं ते म्हणाले. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तुमच्या आत्यांना लागू आहे. म्हणजे तुम्हाला जड जातंय ते तुमचं मन वाईट आहे म्हणून नाही, काम खरोखरच जड आहे.

रोजच्या साधनेला मी तुम्हाला एकच धडा देईन. तथागतांनी तो आपल्या मुलाला दिला होता. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेलं थोडं पाणी त्यांनी राहुलला दाखवलं, ते फेकून दिलं, भांडं पालथं केलं, आणि जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं श्रमणपण असंच रिकामं असतं, असं सांगितलं. मग विचारलं, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. मग म्हणाले, तसंच करण्याआधी पाहा, करताना पाहा, करून झाल्यावर पाहा. याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते का? आणि ही गोष्ट भिक्खूंपुरती आहे असं म्हणाल तर सांगते, राजस्थानात बैराटला सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकानं काही धम्मवचनांची नावं दिली आहेत आणि ती भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावीत असं कोरून ठेवलं आहे. त्यात राहुलला केलेला हा उपदेश आहे. म्हणजे तुमच्यासाठी आहे.

यातला मधला भाग आपण विसरतो. करण्याआधी सुचलं नाही, तरी करता करता थांबता येतं. ताट अर्धं ओढलेलं असताना हात थांबवता येतो. अर्धं वाक्य तोंडातून गेलं असेल तर उरलेलं गिळता येतं. धम्मपदात म्हटलंय, उसळलेला राग जो उधळलेल्या रथासारखा आवरतो त्याला मी सारथी म्हणतो, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले. रथ उधळल्यावरच सारथ्याची गरज पडते. पहाटे चारला "अगं ए, भूक लागली" अशी हाक येते, तेव्हा उठताना पाय जमिनीला टेकला की एक श्वास पूर्ण आत, एक पूर्ण बाहेर, मग पुढचं पाऊल. खाटेपर्यंत चार-पाच पावलं होतील. तेवढं ध्यान रोजचं पुरे. सतिपट्ठान सुत्तात चालणं, उभं राहणं, खाणं, पिणं, मलमूत्र विसर्जन, सगळंच स्मृतीच्या, म्हणजे सजगतेच्या, कक्षेत घेतलेलं आहे, त्यामुळे शांत खोलीची वाट पाहत बसू नका. पुढे कधी दहा दिवस ध्यानाच्या शिबिराला जायला मिळालं तर जा.

आणि करून झाल्यावरचं? राहुलला सांगितलं होतं, हातून किंवा तोंडातून चूक झाली तर ती जाणत्या सोबत्याजवळ उघड कर आणि पुढं जपून राहा. तुम्ही मला लिहिलंत, ते झालं. पण मी लांबची. विहारातली एखादी विश्वासाची बाई निवडा. आठवड्यातून एकदा तिला सांगायचं, या आठवड्यात दोनदा ओरडले. तिनं फक्त ऐकायचं. आत्यांची माफीही मागा. त्या विसरतील, तरी मागा. मनगटावर तेल लावता लावता मागा.

एका गोष्टीपासून मात्र जपा. आपल्याकडे अजिंठ्याच्या १७ व्या लेणीत वेस्संतर जातक रंगवलेलं आहे. राजपुत्र दान करत करत शेवटी आपली मुलं आणि बायकोही देऊन टाकतो. चित्रं अशी, की पाय तिथून हलत नाही. पण ती गोष्ट मला आजही पटत नाही, आणि सुनांना त्यागाचे धडे देण्यासाठी कुणी ती वापरली तर मी तिथल्या तिथं बोलते. धम्मकथा आपण आपल्या हाताकडे बघायला वापरायच्या. दुसऱ्याच्या पाठीवर ओझं चढवायला कुणी वापरत असेल तर "थांबा" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, मग सांगणारा कितीही मोठा असो. कालाम लोकांना तथागतांनीच सांगितलं होतं, परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूनं सांगितलं म्हणून मानू नका.

आश्विन पौर्णिमेला वाचन संपेल, खीर होईल. त्याच्या आधी आजाऱ्यांवरचं ते पान येईल, त्या दिवशी मालकांना एक दिवसाची सुट्टी घ्यायला सांगा. पांढरी साडी नेसून तुम्ही विहारात जा. आत्यांजवळ त्यांच्या लेकाला बसवा, दुधात कुस्करलेली भाकरी कुठल्या वाटीत झाकून ठेवलीय ते दाखवून जा.